हातचा

मंगळवार, गुरुवार, शनिवार. पहाटे पाचला
निपिगॉनच्या पेट्रोल पंपावर मी व्हॅन गरम करत उभा असतो.
उणे एकतीस. आधी टॉइवो चढतो,
मग व्हर्ना, डब्यात बर्फाचे खडे घेऊन,
शेवटी ओव्हिला, दारातूनच बोलत:
"आठ वर्षं? हॅलिबर्नला? तिशी ओलांडलेल्या गुडघ्यांना?"

थंडर बेपर्यंत एकशेदहा किलोमीटर.
तिथे चार तास तिघांचं रक्त यंत्रातून फिरतं.
जाताना फिरतो तो नुसता पैसा,
आणि तोही दुसऱ्यांचा.

मला हॉकी कळते. हिशेब कळत नाही.
पण तीन हिवाळ्यांत एवढं समजलं
की लीगनं सगळ्या संघांना एकाच मापाचं अंथरूण दिलंय,
आणि आमच्या संघाचे पाय
ऑक्टोबरपासूनच बाहेर गारठतायत.

व्हर्ना म्हणते, त्या पोराला देऊन टाका.
व्रबेल. अठरा वर्षांचा, स्लोव्हाक, अजून मिसरूड नाही.
त्याच्या बदल्यात आत्ता खेळणारा कुणी आणा,
याच वसंतात कप उचलेल असा.
"पिकेल तेव्हा पिकेल. मला भूक आज आहे,"
आणि एक खडा गालात ढकलते.
तिला दिवसाला एक लिटर.
चहा, सूप, गोळीबरोबरचा घोट, सगळं धरून.
मर्यादा कशी सांभाळावी हे तिला
कुठल्या मॅनेजरनं शिकवू नये.

ओव्हिला ऐकत नाही.
कागदाच्या गिरणीत एकतीस वर्षं
पाळ्यांचे तास मांडलेला माणूस.
हातमोजा काढतो, खिडकीच्या वाफेवर
बोटानं बेरीज मांडतो:
कप्तान, गोली, दोन बचावपटू,
आणि तो फिनिश विंगर, ज्याला दोन वर्षांपूर्वी
पैसे मोजून घरी पाठवला,
तरी ज्याची रक्कम दर हंगामाला वहीत उभी राहते.
"खेळत नाही, दिसत नाही, जागा मात्र अडवतो,"
टॉइवो करवादतो. फिनलंडच्या माणसाबद्दल
एरवी तो असं बोलत नाही.

"पोराला ठेवा," ओव्हिला म्हणतो,
"अजून स्वस्त आहे. चार वर्षांनी बघा."

चार वर्षांनी.
व्हॅनमध्ये कुणीच
त्या शब्दाकडे बघत नाही.

डोरियनच्या अलीकडे रस्त्यात मूस उभा.
मी ब्रेक दाबला. तिघे पुढे झुकले,
मागे टेकले,
आणि गोलीच्या पगारावर परत आले.

फेब्रुवारीत ओव्हिलाच्या मुलीचा फोन आला:
बाबांसाठी थांबू नका.
बाकी काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

त्या गुरुवारी रेडिओनं सांगितलं,
हॅलिबर्ननं सही केली. आठ वर्षं.
टॉइवोनं टोपी कानांवर ओढली.
हर्केट मागे गेलं, तरी कुणी
बरं म्हणालं नाही की वाईट म्हणालं नाही.

मग दोघांच्या श्वासानं काच धुरकटली
आणि मागच्या सीटच्या खिडकीवर
त्याचे आकडे वर आले.
बोटाचा तेलकटपणा राहतो काचेवर.
मी पुसायला हवी होती. दर शनिवारी पुसतोच.

व्हर्नानं चष्मा चढवला.
"हातचा धरलाच नाही यानं. दहा लाख कमी पडतात."
"कुठे?" टॉइवो वळला, मान आखडलेली असून.
दोघं वाकून रिकाम्या सीटवर डोकी घालून बसले,
एक एक रकाना, तोंडानं पुटपुटत.
"म्हणजे पोरगा बसत नाही?"

व्हर्ना बराच वेळ बघत राहिली.
डब्यातला बर्फ तोवर पाणी झाला.
"बसतो," म्हणाली. "कुणीतरी थोडं सरकायला हवं, एवढंच."

मी हीटर
एक खूण कमी केला.